ध्वनिसंचातून आवाज येत नसेल तर: नवशिक्यांसाठी तपासणीचा क्रम

ध्वनिसंच सुरू केला, समोरचा दिवा लागला, आवाजाचा नॉब बराच फिरवला आणि तरीही स्पीकरमधून काहीच ऐकू आले नाही, की बहुतेक घरांत 'अ‍ॅम्प्लिफायर जळला' असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि संच पोत्यात बांधून दुरुस्तीच्या दुकानाकडे निघतो. ही घाई टाळावी. आवाज पूर्ण बंद होण्याची कारणे पुष्कळदा पेटीच्या आत नसून बाहेर असतात. एखादे बटण चुकीच्या जागी दाबलेले असते, एखादी पिन अर्धवट बसलेली असते, नाहीतर टीव्हीतली एखादी सेटिंग बदललेली असते. नागपुरातल्या ज्या वाचकांनी असा संच आजवर स्वतः कधी जोडला किंवा तपासला नाही, त्यांना पेटी न उघडता दोष नेमका कोठे आहे हे ठरवता यावे, यासाठी पुढचा क्रम दिला आहे.

आधी आवाजाचा मार्ग डोळ्यांपुढे आणावा. टीव्ही, मोबाइल, सीडी प्लेअर किंवा रेकॉर्ड प्लेअर यांतून संकेत निघतो आणि वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सॉकेटात शिरतो. तेथून तो निवड-स्विचमधून (कोणत्या साधनाचा आवाज घ्यायचा हे ठरवणाऱ्या स्विचमधून) आणि आवाजाच्या नॉबमधून पुढे जातो, मुख्य वर्धकात त्याची शक्ती वाढते, मग संरक्षक रिले (धोका असल्यास स्पीकर तोडणारा आपोआप चालणारा स्विच) आणि स्पीकरचा स्विच ओलांडून तो स्पीकरच्या वायरीत येतो आणि शेवटी स्पीकरच्या पडद्याला हलवतो. या मार्गावर एका जागी अडथळा आला की त्यापुढचे सारे गप्प होते. म्हणून तपासणी म्हणजे तो अडथळा मार्गाच्या कोणत्या भागात आहे हे शोधणे. त्यासाठी एक नियम कसोशीने पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम कागदावर लिहावा, आणि फरक पडला नाही तर ती गोष्ट पूर्ववत करून मगच पुढे जावे. चार वायरी एकदम काढून पुन्हा लावल्याने कधीकधी आवाज परत येतो खरा, पण दोष कशात होता हे कळत नाही आणि तोच दोष महिन्याभरात पुन्हा उभा राहतो.

सुरक्षिततेबद्दल थोडे, पण ठामपणे सांगायचे आहे. वायर काढण्यापूर्वी किंवा जोडण्यापूर्वी आवाज शून्यावर आणावा, संच बंद करावा आणि प्लग भिंतीतून काढावा. अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण नवशिक्याने उघडू नये. आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो, आणि कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या मोठ्या भागांमध्ये प्लग काढल्यानंतरही काही काळ विद्युतभार साठून राहतो. या लेखात सांगितलेली एकही पायरी झाकण उघडल्यावाचून अडत नाही.

पहिली पायरी: वीज

समोरचा दिवाच लागत नसेल तर ज्या बोर्डावर संच लावला आहे, त्याच सॉकेटात मोबाइलचा चार्जर किंवा टेबलावरचा दिवा लावून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्डावर आणखी एक स्विच असतो आणि खोली झाडताना तो बंद झालेला असण्याची शक्यता मोठी असते. स्टॅबिलायझर असेल तर तो व्होल्टेज कमी किंवा जास्त झाल्यामुळे पुरवठा तोडून बसलेला नाही ना, हे त्याच्या दिव्यावरून कळते. काही अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे बाहेरून काढता येणारा फ्यूज असतो. तो प्लग काढूनच तपासावा आणि बदलायचा झाल्यास त्यावर छापलेल्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा बसवावा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा लावू नये. तेथे तपासणी थांबवून संच कारागिराकडे न्यावा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे आग लागण्याला वाट करून देणे होय, आणि ती सवय अजूनही काही घरांत आहे म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले आहे.

दुसरी पायरी: समोरची बटणे

दिवा लागतो पण आवाज नाही, अशा वेळी समोरच्या पट्टीवरचे प्रत्येक बटण हाताने तपासावे. रिमोटवरचे म्यूट, निवड-स्विच योग्य साधनावर आहे की नाही, बॅलन्स मध्यभागी आहे की नाही, या गोष्टी चटकन पाहून होतात. त्यानंतरच्या तीन जागा मात्र नवख्याला सहसा सुचत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे.

पहिली जागा म्हणजे स्पीकर 'ए' आणि स्पीकर 'बी' ही बटणे. दोन खोल्यांत दोन जोड्या लावता याव्यात म्हणून ती दिलेली असतात. वायरी 'ए'च्या सॉकेटात आणि बटण 'बी'चे दाबलेले, किंवा दोन्ही बटणे बंद, असे झाले की संच पूर्ण मुका होतो. दुसरी जागा हेडफोनची. हेडफोनची पिन आत असेल तर अनेक अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर आपोआप बंद करतात. पिन काढलेली असूनही सॉकेटातला लहानसा संपर्क गंजाने किंवा धुळीने अडकून राहिला तर संचाला हेडफोन लावलेलाच वाटत राहतो. संच बंद ठेवून हेडफोनची पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केल्यास तो संपर्क बऱ्याचदा मोकळा होतो.

तिसरी जागा 'टेप मॉनिटर' हे बटण. कॅसेट डेकच्या काळातल्या जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरवर ते असते. ते दाबले की निवड-स्विचने निवडलेला संकेत बाजूला पडतो आणि अ‍ॅम्प्लिफायर फक्त टेपच्या सॉकेटाकडून संकेत मागतो. तेथे आता डेक जोडलेला नसतो, त्यामुळे संपूर्ण शांतता पसरते आणि संच मात्र चालू दिसतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळचा संच माळ्यावरून खाली काढून पहिल्यांदा लावणाऱ्याने सर्वांत आधी हे बटण बाहेर आहे याची खात्री करावी. अशाच जुन्या संचांच्या मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' ही सॉकेटे धातूच्या यू आकाराच्या दोन कड्यांनी जोडलेली असतात. त्या कड्या हरवल्या किंवा सैल झाल्या तर अ‍ॅम्प्लिफायरचे दोन अर्धे भाग एकमेकांपासून तुटतात. कडी हरवलेली असेल तर तेथे साधी आखूड आरसीए वायर (लाल-पांढऱ्या गोल पिनांची नेहमीची ऑडिओ वायर) लावली तरी काम भागते.

तिसरी पायरी: रेडिओची परीक्षा

संचात ट्यूनर, म्हणजे आतलाच रेडिओ, असेल तर मार्ग दोन भागांत विभागण्याचा याहून सोपा उपाय नाही. ट्यूनर पेटीच्या आतच असल्यामुळे त्याला बाहेरच्या साधनाची एकही वायर लागत नाही. निवड-स्विच एफएमवर ठेवावा आणि आवाज थोडा वाढवावा. नागपुरात आकाशवाणीबरोबर खासगी एफएम केंद्रेही चांगली लागतात. एरियल नसेल आणि केंद्र लागले नाही, तरी मोनो करून पाहिल्यावर जी खरखर ऐकू येते तीदेखील पुरेशी आहे. खरखर ऐकू आली म्हणजे वर्धक, रिले, वायरी आणि स्पीकर हे सारे ठीक आहे आणि दोष साधनात किंवा त्याच्या वायरीत आहे. ऐकू आली नाही तर वर्धक, स्पीकर आणि त्यांच्या वायरी यांकडे लक्ष वळवावे. ट्यूनर नसेल तर मोबाइलच्या हेडफोन सॉकेटातून आरसीए वायरीने थेट 'ऑक्स' या बाहेरच्या साधनांसाठीच्या सॉकेटात संकेत देऊन हीच परीक्षा घेता येते. त्यासाठी मोबाइलचा मीडियाचा आवाज अर्ध्याहून वर ठेवावा, कारण रिंगचा आवाज आणि मीडियाचा आवाज वेगळे असतात.

चौथी पायरी: साधन आणि त्याची वायर

दोष या बाजूला निघाला तर कोणते साधन आहे त्यावर पुढचा मार्ग ठरतो. ब्लूटूथचे उत्तर सोपे आहे. मोबाइल बहुधा दुसऱ्याच स्पीकरशी किंवा कानातल्या बड्सशी जोडलेला असतो. जुनी जोडणी विसरायला लावून ती नव्याने करावी.

टीव्हीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. टीव्हीतून ऑप्टिकल वायरीने आवाज घेतला असेल आणि पुढे साधा स्टिरिओ डॅक (डिजिटल संकेताचे अ‍ॅम्प्लिफायरला चालणाऱ्या संकेतात रूपांतर करणारे उपकरण) असेल, तर टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम', म्हणजे साधा डिजिटल संकेत, निवडलेले असले पाहिजे. तेथे 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी' असेल तर टीव्ही संकेत सांकेतिक स्वरूपात पाठवतो आणि साधा डॅक तो उलगडू शकत नाही. म्हणूनच एका वाहिनीवर आवाज येतो आणि दुसऱ्या अ‍ॅपवर येत नाही, असा गोंधळात टाकणारा अनुभव येतो. ऑप्टिकल वायरीच्या टोकावरचे पारदर्शक टोपण काढले आहे का, आणि टीव्हीकडचे टोक लावलेले असताना दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसतो का, हेही पाहावे. तो दिसत नसेल तर वायर वाकून आतून तुटली असावी. एचडीएमआयने जोडले असेल तर टीव्हीच्या ज्या सॉकेटाशेजारी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' छापलेले आहे तेच वापरावे आणि दोन्ही उपकरणांत सीईसी (उपकरणांनी एचडीएमआयवरून एकमेकांना सूचना देण्याची सोय) चालू करावे, कारण बऱ्याच संचांत त्याशिवाय टीव्हीचा आवाज या मार्गाने परत येत नाही. हे सर्व करूनही टीव्हीच्या ध्वनीच्या यादीत बाहेरचा स्पीकर निवडायचा राहून जातो, तेव्हा ती यादीही एकदा उघडून पाहावी.

रेकॉर्ड प्लेअरचा संकेत फार लहान, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट इतका असतो, तर सीडी प्लेअरचा २ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून रेकॉर्ड प्लेअर ऑक्समध्ये लावला तर आवाज जवळजवळ येतच नाही. त्याला 'फोनो'चे सॉकेट किंवा वेगळा फोनो वर्धक लागतो, जो संकेत सुमारे १०० पट वाढवतो. उलट सीडी प्लेअर किंवा मोबाइल फोनोत कधीही लावू नये, कारण तेथून येणारा मोठा आणि फाटका आवाज स्पीकरला इजा करू शकतो.

पाचवी पायरी: एकच बाजू बंद असेल तर

दोनांपैकी एकच स्पीकर गप्प असणे हे तपासणाऱ्याच्या फायद्याचे असते, कारण चांगली बाजू हाताशी असल्यामुळे तुलना करता येते. समजा, डावा स्पीकर बंद आहे. संच बंद करून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या साधनाच्या दोन पिना, म्हणजे लाल आणि पांढरी, आपापसांत बदलाव्यात आणि संच सुरू करावा. आता शांतता उजवीकडे गेली तर दोष साधनात किंवा त्या वायरीत आहे. ती डावीकडेच राहिली तर साधन निर्दोष आहे. पिना पूर्ववत करून आता स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाकडून डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावाव्यात. शांतता उजव्या स्पीकरकडे सरकली तर अ‍ॅम्प्लिफायरची डावी बाजू बिघडली आहे, आणि डावा स्पीकरच गप्प राहिला तर तो स्पीकर किंवा त्याची वायर बिघडली आहे. ही अदलाबदल 'प्रोटेक्ट'चा दिवा लागलेला असताना करू नये. त्या स्थितीचा विचार पुढे केला आहे.

एक लक्षण वेगळे सांगण्याजोगे आहे. हळू आवाजात एक बाजू बंद असते, नॉब जोरात वाढवला की ती टक् करून सुरू होते आणि मग कमी आवाजातही चालू राहते. अशा वेळी संरक्षक रिलेचे संपर्क काळे पडलेले असण्याची शक्यता फार असते. हे काम कारागिराचे आहे, पण ते लहान आहे आणि हे लक्षण त्याला सांगितले तर त्याचा बराच वेळ वाचतो.

सहावी पायरी: स्पीकर आणि त्याच्या वायरी

स्पीकरच्या वायरी दोन्ही टोकांकडून काढून टोके नीट पाहावीत. रबरी आवरण स्क्रूखाली अडकून तांबे प्रत्यक्षात धातूला लागलेलेच नसते, असे वारंवार आढळते. याउलट तांब्याचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला चिकटलेला असतो आणि तो शॉर्ट करतो. टोकाचे सुमारे एक सेंटिमीटर आवरण काढून धागे घट्ट पिळावेत आणि पुन्हा लावताना एकही धागा बाहेर राहू देऊ नये. तांबे काळे किंवा हिरवे पडले असेल तर तेवढा भाग कापून नवे टोक काढावे.

स्पीकर जिवंत आहे का, हे १.५ व्होल्टच्या एका पेन्सिल सेलने कळते. वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवावी आणि तिची दोन टोके सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवावीत. स्पीकर ठीक असेल तर 'ठप्' असा आवाज येतो आणि मोठा पडदा हललेला दिसतो. टोके टेकवून ठेवू नयेत, नुसती स्पर्शून काढावीत. मल्टिमीटर असल्यास, आणि तो काही शे रुपयांत सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, २०० ओहमच्या जागी ठेवून मोजावे. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो आणि ४ ओहमचा ३ ते ३.५ च्या आसपास. डावीकडे नुसता १ किंवा 'ओएल' दिसले तर आतली तार तुटलेली आहे. ट्वीटरपुढे, म्हणजे बारीक आवाज देणाऱ्या लहान स्पीकरपुढे, बहुधा कपॅसिटर असतो, त्यामुळे ट्वीटरचा दोष या मापनात कळत नाही, हे लक्षात ठेवावे. ज्या स्पीकरच्या मागे चार टर्मिनल असतात, त्यांच्यामधल्या पितळी पट्ट्या जागेवर आहेत का हेही पाहावे, कारण त्या काढल्या गेल्या असतील तर स्पीकरचा अर्धाच भाग वाजतो.

सातवी पायरी: 'प्रोटेक्ट'चा दिवा

ट्रान्झिस्टरवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो. तो रिलेचा. संचाने स्वतःला तपासून स्पीकर जोडून घेतल्याची ती खूण असते. हा आवाज कधीच आला नाही, किंवा 'प्रोटेक्ट'चा दिवा लागून राहिला, तर संच जाणूनबुजून गप्प आहे असे समजावे. प्लग काढून स्पीकरच्या चारही वायरी अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवाव्यात आणि स्पीकरविना संच सुरू करावा. आता 'टक्' आले तर दोष वायरीतल्या शॉर्टमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे. आले नाही तर दोष पेटीच्या आत आहे आणि घरातली तपासणी येथे संपते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या पद्धतीच्या, अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये, कारण स्पीकरविना चालवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

नागपूरचे हवामान आणि संच

या शहरात संचाच्या तक्रारी ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून येथल्या माणसाने हवेचा विचार तपासणीतच धरावा. मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते तेव्हा काचेची दारे लावलेल्या शोकेसमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला आपली उष्णता टाकायला जागाच उरत नाही. अर्धा-पाऊण तास वाजून संच गप्प होत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा वाजत असेल, तर तो उष्णतेपासूनचा बचाव आहे. दारे उघडी ठेवावीत, वर किमान दहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी आणि अ‍ॅम्प्लिफायरवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नये.

दुसरा प्रश्न कूलरचा. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा आणि तिच्याबरोबर येणारे पाण्याचे बारीक कण थेट संचावर येत असतील तर मागच्या पिना, निवड-स्विच आणि नॉब यांच्या धातूवर गंज चढतो, आणि पावसाळ्याचे चार महिने त्यात भर घालतात. उन्हाळा ते सप्टेंबर या काळात सुरू झालेला 'कधी येतो, कधी जातो' असा आवाज पुष्कळदा या गंजाचाच असतो. त्यासाठी प्लग काढून प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवावा, बटणे तितक्याच वेळा दाबावीत, आणि आरसीए पिना जागच्या जागी गोल फिरवून काढाव्यात व बसवाव्यात. पिना कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तोच वापरावा. बिजागऱ्यांना मारायचे तेलकट स्प्रे नॉबमध्ये मारू नयेत, कारण त्यांच्यावर धूळ चिकटून दोष वाढतो. कूलर आणि ध्वनिसंच एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नयेत, आणि जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की संचाचा प्लग व टीव्हीची केबल काढून ठेवावी.

पाली आणि मुंग्या उबदार पेटीच्या जाळीतून आत शिरतात आणि शॉर्ट करतात. जाळीजवळ विष्ठा किंवा वाळलेले अवशेष दिसले तर संच सुरूच करू नये. तसाच कारागिराकडे न्यावा.

कारागिराकडे जाताना

लिहून ठेवलेला कागद बरोबर न्यावा. 'आवाज येत नाही' एवढेच सांगण्याऐवजी 'एफएमवरही आवाज नाही, स्पीकर सेलवर बोलतात, स्पीकर काढूनही रिले टक् करत नाही' असे सांगितल्यास काम नेमक्या जागेपासून सुरू होते, आणि खर्चाचा अंदाजही खरा मिळतो. स्पीकर बिघडलेले नाहीत असे ठरले असेल तर फक्त अ‍ॅम्प्लिफायर न्यावा, स्पीकर घरीच ठेवावेत.

जळलेले ट्रान्झिस्टर बदलायचे असतील तर एकच न बदलता त्या बाजूची पूर्ण जोडी बदलावी आणि काढलेले भाग परत द्यावेत, असे आधीच सांगून ठेवावे. दुरुस्तीनंतरचा पहिला पुरवठा सिरीज बल्बमधून (विजेच्या वाटेत मध्ये जोडलेल्या साध्या बल्बमधून) द्यावा अशी विनंती करावी. चांगला कारागीर ते न सांगताही करतो, कारण आत दोष उरला असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि नवे भाग वाचतात. स्पीकरच्या टर्मिनलवर संकेत नसताना किती डीसी व्होल्टेज आहे ते समोर मोजून दाखवायला सांगावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असणे चांगले, आणि ते एखाद्या व्होल्टच्या घरात असेल तर संच घरी आणू नये. घरी आणल्यावर पहिला अर्धा तास जुन्या, कमी किमतीच्या स्पीकरवर हळू आवाजात वाजवावा, झाकणावर हात ठेवून उष्णता पाहावी, आणि मगच नेहमीचे स्पीकर जोडावेत.